चाळीस टक्क्यांच्या अलीकडे आणि पलीकडे



हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड या महामार्गावर कनेरगाव नाका हे गाव आहे. मराठवाडा येथे संपतो आणि थोड्याच अंतरावर विदर्भ सुरू होतो. १९४८ पूर्वी अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते, पलीकडे इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड. आज दोन्हीकडे एकच राज्य आहे. बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या सासरी जाण्यासाठी माणसे ही सीमा रोज ओलांडतात. गावाच्या नावात मात्र 'नाका' राहून गेला आहे; आणि नाका म्हटला की थांबणे आणि तपासून घेणे आलेच.

या सदराच्या वाचकांपैकी अनेकांना उतारवयात अशाच एका नाक्यावर थांबावे लागते. तो नाका दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडते, मळणीयंत्रात हात सापडतो, दृष्टी मंदावते, कंपवाताने हातातला पेला स्थिर राहत नाही. मग घरातले कोणीतरी म्हणते, 'सर्टिफिकेट काढून घेऊ, निराधारचा पगार तरी लागेल.' गावाकडे शासकीय अनुदानाला 'पगार' म्हणण्याची रीत आहे, आणि तिच्यात एक सत्यही आहे: ज्या घरातला कमावता हात थांबला, त्या घराला ती रक्कम खरोखरच पगारासारखी वाटते. पुढे प्रमाणपत्र हाती येते, त्यावर ३० किंवा ३५ असा आकडा असतो आणि घर हबकते. 'हाताने एक घमेले उचलत नाही, आणि टक्के एवढेच?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र फारसे कोणी समजावून देत नाही.

उत्तर असे, की प्रमाणपत्रावरचा टक्का शरीरातील उणीव सांगतो. माणूस किती काम करू शकतो हे तो सांगत नाही. आणि घराला किती गरज आहे, हे तर मुळीच नाही. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते तीन वेगळ्या ठिकाणी विचारले जातात. पहिला वैद्यकीय मंडळापुढे, दुसरा मालकापुढे किंवा न्यायालयात, तिसरा तहसील कार्यालयात. कोणत्या ठिकाणी कोणता प्रश्न विचारला जातो, हे एकदा ध्यानात आले की हेलपाटेही वाचतात आणि मनस्तापही.

वैद्यकीय मंडळ काय मोजते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते एकवीस झाले. अस्थिव्यंग, अंधत्व, अल्पदृष्टी आणि श्रवणदोष यांच्या जोडीला कंपवात, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार, सिकलसेल, हिमोफिलिया, आम्लहल्ल्यातील इजा अशा प्रकारांचा त्यात समावेश झाला. बहुतेक सवलती मात्र 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्यांसाठी आहेत, आणि त्याची सीमारेषा आहे ४० टक्के.

हा टक्का डॉक्टर मनाने ठरवीत नाहीत. केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. कोणत्या सांध्याची हालचाल किती अंशांनी घटली, कोणत्या स्नायूचे बळ किती उरले, कोणता अवयव कोठून गेला, यांचे कोष्टक त्यांत असते. पुढील आकडे त्या कोष्टकांची रीत कळावी एवढ्यासाठी दिले आहेत. अंतिम मोजणी मंडळाचीच.

असे धरा, की कनेरगाव परिसरातील एका ५८ वर्षांच्या शेतमजुराचा उजवा अंगठा सोयाबीनच्या मळणीयंत्रात मुळापासून गेला. विळा धरवत नाही, खुरपे पेलवत नाही, पोत्याला मूठ घालता येत नाही. सोंगणीच्या हंगामात त्याला कोणी मजुरीवर बोलावत नाही. त्याच्या दृष्टीने त्याचे काम पुरते गेले आहे. २०१८ च्या कोष्टकात मात्र मुळापासून गेलेल्या अंगठ्याला ३० टक्के आहेत. तसेच एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निरोगी असला, तर तेही ३० टक्केच. दोन्ही माणसे चाळीसच्या अलीकडे राहतात. डॉक्टरांनी येथे अन्याय केलेला नसतो. त्यांच्यापुढे शरीराचा प्रश्न असतो, आणि शरीराचेच उत्तर त्यांनी दिलेले असते.

आता याच मजुराचा एक डोळाही पूर्वीच गेलेला आहे असे धरा. तीस आणि तीस मिळून साठ होत नाहीत. दोन वेगळी दिव्यांगत्वे एकत्र करण्याचे एक सूत्र आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा. नव्वदमधून तो वजा करायचा, आलेल्या बाकीला लहान आकड्याने गुणायचे, नव्वदने भागायचे आणि हा भागाकार मोठ्या आकड्यात मिळवायचा. येथे ते ३० अधिक २०, म्हणजे ५० टक्के होतात. एकेकटी दोन्ही व्यंगे चाळीसच्या अलीकडची. एकत्र आली की पलीकडची. म्हणून काळजी घेणाऱ्यांना पहिली विनंती ही: अर्ज करताना शरीरातील प्रत्येक उणीव नोंदवावी. 'ते डोळ्याचे जुनेच आहे, त्याचे काय सांगायचे?' असे म्हणून ती गाळू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दृष्टीची तपासणी योग्य चष्मा लावून, शक्य ती सुधारणा झाल्यानंतरची पाहिली जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर आधी ती करून घेणे हेच शहाणपणाचे; प्रमाणपत्रापेक्षा परत आलेली नजर केव्हाही मोलाची. ऐकण्याच्या बाबतीत कायदा दोन्ही कानांचा विचार करतो: दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऱ्हास असला तरच श्रवणदोष मानला जातो. एका कानाने ऐकू येत नाही एवढ्यावर प्रमाणपत्र मिळण्याची आशा धरू नये.

'काम होईल का?' हा प्रश्न कोण विचारते?

काही देशांत अनुदानासाठी थेट कामाची क्षमताच तपासतात. ब्रिटनमध्ये २००८ पासून अशी चाचणी सुरू झाली. ती घेण्याचे काम खासगी कंपन्यांकडे होते. अनेक आजारी माणसांना तेथे 'कामास योग्य' ठरवण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळांना अपिलात न्याय मिळाला. अर्थात कामाची क्षमता तपासली म्हणजे माणूस नेमका मोजला जातो, असे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः अपघाताच्या भरपाईत आणि नोकरीत येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या खटल्यात दिलेला निकाल आजही दाखला म्हणून सांगितला जातो. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होऊच शकत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे न्यायालयाने मानले. पुढे २०१० मध्ये, वाहन अपघाताच्या एका प्रकरणात, याच न्यायालयाने हा भेद अधिक स्पष्ट केला. डावा हात गेला तर वैद्यकीय दिव्यांगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. तो माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाईल. सरकारी कचेरीत कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरी टिकेल. हात एकच, टक्का एकच, पण जगण्यावर होणारा परिणाम वेगळा.

याचा व्यवहारातील अर्थ असा. मळणीयंत्रासारख्या यांत्रिक साधनावर मजुरीने काम करताना इजा झाली असेल, तर भरपाईच्या कायद्याचा विचार अवश्य करावा. १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत यंत्राने होणाऱ्या शेतीकामातील मजुरांचा समावेश होता. हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. अशा दाव्याला मुदत असते, म्हणून उशीर करू नये. तेथे केवळ टक्का सांगून थांबू नये. माणूस पूर्वी कोणते काम करीत होता आणि आज त्यातले काय करू शकत नाही, हे तपशिलाने मांडावे. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

घरातील कोणी शासकीय सेवेत असेल, तर २०१६ च्या कायद्याचे कलम २० ठाऊक असू द्या. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. पद रिकामे नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असा शेरा मिळाला की कित्येक जण निमूटपणे घरी बसतात. तसे बसण्यापूर्वी या कलमाचा आधार घेऊन लेखी अर्ज करावा.

तहसील कार्यालयात काय पाहतात?

तिसरा प्रश्न गरजेचा. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजाराने ग्रासलेल्या व्यक्ती तिच्यात येतात. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्ही योजनांचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दोन्ही योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये केले. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. 'आता वय झाले, श्रावणबाळ मिळतेच आहे, दिव्यांग प्रमाणपत्र कशाला?' असे अनेक ज्येष्ठांना वाटते. ते बरोबर नाही. दिव्यांगत्वाची नोंद झाल्यास अनुदानात दरमहा हजार रुपयांचा फरक पडतो. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हजार रुपयांचे मोल वेगळे सांगायला नको.

निराधार योजनेत आजारी माणसासाठी दोन दारे आहेत, आणि ती पुष्कळांना माहीत नसतात. पहिले दार दिव्यांगत्वाचे. येथे ४० टक्के किंवा अधिकचे प्रमाणपत्र लागते आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दुसरे दार दुर्धर आजाराचे. पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे ज्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, अशा स्त्री-पुरुषांसाठी ते आहे. येथे टक्क्याऐवजी शासकीय रुग्णालयाचा आजाराचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. 'चरितार्थ चालवता न येणे' हे शब्द नीट वाचा. कामाच्या क्षमतेचा प्रश्न आपल्या योजनांत येथे उघडपणे आला आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला मंडळाने चाळीसच्या आत ठेवले, तर हे दुसरे दार ठोठावता येते. चाळीसच्या पलीकडे असेल, तर पहिल्या दाराने जाणे लाभाचे.

याशिवाय दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वयाच्या व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. उरलेल्या रकमेचा भार राज्य उचलते.

या साऱ्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते आणि वयाचा पुरावा लागतो. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांशी, आधी बोलून घ्यावे. अनुदान सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीची पडताळणी होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पडताळणी राहून जाते आणि अनुदान थांबते, असे होऊ नये म्हणून घरच्यांनी तो महिना दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

सीमेवरच्या गावाने अर्ज कोठे करावा?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आता केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन कार्ड' या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्याच अर्जातून प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र दोन्ही मिळतात. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार चाळीसच्या आतील व्यक्तींना पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळे आणि ८० पासून पुढे निळे ओळखपत्र असते. पूर्वी प्रमाणपत्र देण्यास एक महिन्याची मुदत होती. ती आता तीन महिन्यांची झाली आहे. अर्ज लवकर करण्याचे हे आणखी एक कारण.

कनेरगावसारख्या गावातील माणसाचे उपचार बहुधा वाशीमला झालेले असतात आणि आधार कार्डावर जिल्हा हिंगोली असतो. मग कोठे जावे? २०१७ च्या नियमांनी दोन मार्ग ठेवले: राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरण, किंवा ज्या शासकीय रुग्णालयात त्या व्यंगावर उपचार झाले तेथील प्राधिकरण. म्हणून वाशीमच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले असतील तर तेथे चौकशी करणे योग्य. अन्यथा हिंगोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय. प्रमाणपत्र कोणत्याही जिल्ह्याचे असले तरी कायद्याने ते देशभर ग्राह्य आहे. निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज मात्र राहत्या तालुक्यात, म्हणजे हिंगोली तहसीललाच करायचा. २०२४ मध्ये हिंगोली आणि वाशीम या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. कान, डोळे, मेंदू यांच्या तपासणीसाठी लांबच्या शहरात जाण्याची वेळ त्यामुळे कमी यावी, अशी आशा आहे.

तपासणीच्या दिवशी

आता सर्वांत नाजूक भाग. आपल्या मागच्या पिढीला दुखणे सांगण्याची लाज वाटते. आयुष्यभर कष्ट केलेला माणूस डॉक्टरांपुढे बसला, की धुतलेले धोतर, पुसलेला चष्मा, ताठ मान. 'कसं आहे बाबा?' या प्रश्नाला त्याच्या तोंडून सहज निघते, 'बरं आहे साहेब.' घरी त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, शौचाला जाताना सून किंवा नातू लागतो, पायरी चढताना भिंत धरावी लागते. यातले काहीच तो बोलत नाही. हा स्वाभिमान आदराला पात्र आहे. पण तपासणीच्या खोलीत तो माणसाच्याच विरोधात जातो.

काळजी घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी शांतपणे बसून एक कागद लिहावा. सकाळी उठण्यापासून रात्री निजेपर्यंत कोणती कामे स्वतः होतात, कोणत्या कामांना हात लागतो, कोणती होतच नाहीत. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, पायऱ्या, बोलणे, स्मरण. आजार कधी सुरू झाला, पूर्वी कोणते काम करीत होते, ते कधी सुटले. चांगल्या दिवसाचे चित्र लिहू नये आणि सर्वांत वाईट दिवसाचेही नको. नेहमीचा दिवस लिहावा. जे खरे ते पूर्ण सांगावे, वाढवून काही सांगू नये. डॉक्टरांच्या हाती स्नायूचे बळ आणि सांध्याची हालचाल तपासण्याच्या पद्धती असतात; बतावणी त्यांत टिकत नाही आणि खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो.

मानसिक आजाराच्या तपासणीत तर घरच्यांचे म्हणणे फारच मोलाचे असते. स्वतःची निगा, इतरांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम या चार गोष्टी तेथे विचारल्या जातात. रुग्णाला स्वतःच्या आजाराची जाणीव असेलच असे नाही. म्हणून रोज सोबत राहणाऱ्यानेच बरोबर जावे. दुरून आलेल्या, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या मुलाला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

सोबत काय न्यावे? रुग्णालयातून सुटताना मिळालेले कार्ड, क्ष-किरण व स्कॅनचे अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, आधार कार्ड, छायाचित्रे. पाण्याची बाटली आणि खाण्याचा डबा विसरू नये. मधुमेही माणसाला रांगेत उपाशी ठेवणे धोक्याचे. रक्तदाबाची व साखरेची गोळी 'तपासणी आहे म्हणून' टाळू नये. एसटीने जात असाल, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या व्यक्तींना निम्मे भाडे. प्रमाणपत्र मिळाल्यावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

रुग्णालयाच्या आवारात 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा एखादा मध्यस्थ भेटला, तर त्याला दूरच ठेवावे. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. प्रमाणपत्रांची फेरतपासणीही आता वारंवार होते. खोट्या प्रमाणपत्रांमुळे संशय वाढतो, आणि त्या संशयाचा जाच खऱ्या दिव्यांगांना रांगेत सोसावा लागतो.

चाळीसच्या अलीकडे राहिलात तर

प्रथम प्रमाणपत्र नीट वाचावे. ते कायमचे आहे की तात्पुरते? तात्पुरते असेल तर त्यावर मुदत असते, आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. एखादी उणीव नोंदवायची राहिली आहे का, तेही पाहावे. प्रमाणपत्र नाकारले असेल तर तसे लेखी मागावे. ते देणे कायद्याने आवश्यक आहे. निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ नुसार अपील करता येते. त्यासाठी रागाची गरज नाही. नवा अहवाल आणि स्पष्ट मुद्दे पुरेसे असतात.

त्यानंतर, टक्क्याची अट नसलेल्या वाटा पाहाव्यात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कंबरपट्टा अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. शेतकरी खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला अपघातात एक डोळा, एक हात किंवा एक पाय गमवावा लागला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे आहे आणि अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. एका डोळ्याला तपासणीत तीसच टक्के मिळतात, पण या योजनेत त्याच डोळ्यासाठी मदत आहे. आणि कोठे जावे हेच उमगत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे.

उपचार तर कोणत्याही टक्क्यावर अवलंबून नाहीत. पक्षाघातानंतर घरच्या घरी केलेला नियमित व्यायाम, डाव्या हाताने जेवण्याचा सराव, न्हाणीघरात भिंतीला बसवलेला दांडा, उंबरठ्यावरची लहानशी उतरण यांनी माणसाचा दिवस बदलतो. प्रमाणपत्र हाती येण्याची वाट पाहत हे थांबवू नये.

शेवटी घरातल्यांना एक विनंती. 'तुमचे टक्के भरले नाहीत' हे वाक्य घरी बोलताना जपून वापरा. ज्याने तीस-चाळीस वर्षे दुसऱ्याच्या बांधावर राबून घर उभे केले, त्याला ते 'तुमचे दुखणे खोटे' असे ऐकू येते. तसे कोणीही म्हटलेले नाही. मंडळाने एक अवयव मोजला आहे. त्या माणसाला आज आंघोळीला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा जाग येते, कोणते काम सुटल्याचे त्याला सर्वांत अधिक दुःख आहे, हे घरच्यांनीच जाणून घ्यायचे आहे. त्याच्याजवळ बसून ते विचारा, आणि त्याने सांगितले तेच उद्याच्या अर्जात लिहा.